रशीदभाईच्या विहिरीवरची बेबीनंदा

बेबीनंदासमोर 'बिचारी' हा शब्द काढायची सोय नव्हती. कोणी काढलाच, तर ती हातातलं काम थांबवून त्या माणसाकडे बघायची आणि विचारायची, "कोन? कोन बिचारी?" समोरचा "तुमीच की" म्हणेपर्यंत ती तशीच बघत राहायची. बहुतेक लोक म्हणत नसत. चहा संपवून उठत.

परतवाड्याला आमच्या घरामागे टिनाच्या छपराची एक खोली होती. मी तिथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. घरात मी आणि माझी आई, एवढंच. एका दुपारी पोपटी साडी नेसलेली, चाळिशीकडे झुकलेली एक बाई दारात येऊन उभी राहिली. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा बांधलेला. रशीदभाईच्या संत्र्याच्या बागेत काम लागलंय, जवळपास खोली पाहिजे, म्हणाली. आईनं रीतीप्रमाणे विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"मी एकटीच. पह्यलेच सांगून देते, मंग मागून समजलं का वाईट वाटते लोकाईले. मी जेलातून सुटून आली. लहान्या पोरीले घेऊन इहिरीत उडी मारली होती. पोरगी गेली, मी वाचली. खुनाची शिक्षा झाली. खोली देता का?"

आई जागची हलली नाही. दारातूनच म्हणाली, "खोलीत उंदीर आहेत."

"जेलात बी होते," बेबीनंदा म्हणाली.

अशी ती आमच्याकडे राहायला आली.

पहिल्याच दिवशी तिनं बाजारातून नवी कडी आणून दाराला आतून स्वतः ठोकली. जुनी चांगली होती, असं मी म्हटलं. "होती. पन ते तुमची होती. हे माही हाय." जेलच्या काही सवयी तिच्या अंगात मुरल्या होत्या. कोणी पूर्ण नावानं हाक मारली की ती ताडकन उभी राहायची, मग स्वतःवरच चिडून खाली बसायची. जेवताना डाव्या हातानं ताटाला आडोसा करायची. बाकी मात्र तिनं सगळं आपल्या मर्जीचं करून घेतलं होतं. साड्या भडक, पोपटी, राणी, शेंदरी. आई एकदा म्हणाली, "अगं, लोक नावं ठेवतात." तर ही म्हणाली, "पांढरं नेसली तं माही पिंकी वापस येते का, मावशी? येत असन तं आत्ता नेसते." बाजाराच्या दिवशी ती गाडीवर उभी राहून, सगळ्यांच्या देखत, गिला वडा खायची. हसायची तीही मोठ्यानं. गल्लीतल्या लोकांना तिचा गुन्हा एक वेळ चालला असता, ते हसणं चालत नसे. रडायची ती भांडी घासताना, नळ मोठा सोडून. मला ते उशिरा कळलं.

ते दिवस असे होते की पेपर उघडला तर आमच्या वऱ्हाडाचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीतच सापडायचं. मुंबईच्या, दिल्लीच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या. अशीच एक गाडी आमच्या दारातही येऊन थांबली. आत एक तरुण पत्रकार होता. मनानं चांगला मुलगा. त्याला कारण हवं होतं. कपाशी बुडाली होती का? नवरा मारायचा का? सासूचा जाच? तो एकेक कारण पुढे करत होता आणि ही शेंगा सोलत ऐकत होती.

"हे सारंच होतं," ती म्हणाली. "आमच्या गावात घरोघरी होतं. साऱ्याच बाया इहिरीत गेल्या का?"

"मग तुम्हीच का?"

"थे मलेच अजून समजलं नाही, दादा. समजलं असतं तं तुमाले चहासंगं सांगतलं असतं." पुढची शेंग उचलून तिनं विचारलं, "कारण मोठं असलं का गुन्हा लहान होते, असं वाटते का तुमाले?"

त्यानं वही मिटली. तो गेल्यावर मी म्हटलं, बेबीताई, तो तुमच्या बाजूनंच लिहिणार होता. तेव्हा तिनं कोर्टातली गोष्ट सांगितली. वकील म्हणत होता, पाय घसरला म्हण. तिनं म्हटलं नाही. "म्हनली असती तं कदाचित सुटलीही असती, मॅडम. पन मंग पिंकी कशानं गेली? पाय घसरल्यानं? चार वर्साची लेक. तिच्या मरणाले बी खोटं कारण द्याचं?" पुढे वरच्या कोर्टानं शिक्षा कमी केली. ती बाहेर आली तेव्हा नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं होतं. मोठी मुलगी अर्चना त्या दिवशी मामाच्या गावी होती म्हणून मागे राहिली. ती अकोल्याला मामाकडेच वाढत होती आणि आईचं तोंड पाहायला तयार नव्हती. याबद्दल बेबीनंदा कोणालाही दोष देत नसे. "तिचं बरोबर हाय," एवढंच म्हणायची.

रशीदभाईच्या बागेत दगडी पायऱ्यांची मोठी विहीर होती. पहिले काही महिने बेबीनंदा तिच्या बाजूला फिरकलीसुद्धा नाही. मोटार सुरू करायला दुसऱ्या बाईला पाठवायची. मग एका सकाळी तिनं रशीदभाईंना गाठलं. रशीदभाई सत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे, संत्र्याचे जुने व्यापारी. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि रागात दोन्ही.

"रशीदभाई, तुमाले पोवता येते?"

"जवानीत तर मी मासा होतो, बेबीबाई."

"मंग मले शिकवा."

म्हातारा गडबडला. परकी बाई, ओले कपडे, लोक काय म्हणतील. दोन दिवस विचार करून त्यांनी तोडगा काढला. विहिरीच्या काठावर प्लास्टिकची खुर्ची टाकायची, विहिरीकडे पाठ करून बसायचं आणि तिथूनच ओरडायचं. "पैर मारो! पैर!"

"तुमाले तं दिसूनच नाही राहिलं!"

"आवाज से समझता है! छपछप जास्त, पुढे जानं कमी! पैर!"

एका रविवारी मी हसत हसत पाहायला गेले. तिच्या कमरेला दोर होता, दोराचं दुसरं टोक जांभळीला बांधलेलं, पाठीवर तेलाचा रिकामा डबा. भर उन्हाळ्यात तिचे दात वाजत होते. गुडघाभर पाण्यात उतरायची, वर यायची. पुन्हा उतरायची. पाणी कमरेला लागलं तशी ती वळून पायरीवर आली आणि तिला उलटी झाली. रशीदभाईंनी आवाजावरून ओळखलं असावं. ते पाठ न वळवता हळू म्हणाले, "बस, बेबीबाई. आज बस करो." तिनं तोंड धुतलं, पायरी धुतली आणि पुन्हा उतरली.

तिला सुरेख पोहता शेवटपर्यंत आलं नाही. मान ताठ, चष्मा दोऱ्यानं डोक्याला करकचून बांधलेला, आणि हातपाय असे चालायचे की जणू कोणाशी भांडण चाललंय. पण ती बुडत नव्हती. ज्या दिवशी पहिल्यांदा डबा आणि दोर दोन्ही सोडून ती पलीकडच्या भिंतीला हात लावून आली, त्या दिवशी पायरीवर पदर पिळत बसली असताना मी विचारलं, हे सगळं कशासाठी?

"मॅडम, उडी मारेपर्यंत एकच मन असते," ती म्हणाली. "दुसरं काही आयकूच येत नाही. पन पान्यात पडली अन् दुसरं मन आलं. एकदम आलं. पिंकीनं माह्या गळ्याले मिठी मारली होती. तिच्या हाताची पकड लागली मले, अन् मी म्हनलं, हे काय केलं वं बाई, हिले वर काढा, कोनी तरी हिले वर काढा. पन थ्या मनाजवळ काहीच नव्हतं. मले पोवताच येत नव्हतं. लोकाईनं मले वढून काढलं तवा तिची मिठी सुटेल होती."

पदर पिळून झाला होता तरी ती पिळत राहिली.

"ज्या बाईले पोवता येते, तिच्या दुसऱ्या मनाच्या हाताले काही तरी लागते. बस. इतकंच."

पोरी शिकायला आल्या, त्या तिनं बोलावून नव्हे. बागेत काम करणाऱ्या बायांच्या लेकी काठावर बसून तिची गंमत पाहायच्या, त्यातली एक उतरली, मग दुसरी. रशीदभाईंची सून तक्रार करायची की विहिरीत कल्ला फार होतो, आणि ते म्हणायचे, "विहीर अल्ला की है, मोटार फक्त माझी आहे." पुढे त्यांची स्वतःची नातच सलवार खोचून पाण्यात पडली, तेव्हा सून गप्प बसली. बेबीनंदाची शिकवण्याची रीत कडक होती. पोरगी घाबरली तर ती कुरवाळत नसे. म्हणायची, "भे. खूप भे. पन पाय हालवून भे."

आपला गुन्हा तिनं कोणापासून लपवलेला नव्हता. पण पोरींच्या आयांना तिनं घरोघर जाऊन सांगितलेलंही नव्हतं. तिच्या अकोल्याकडच्या गावचा कोणी माणूस बाजारात आला, त्यानं तिला ओळखलं आणि दोन दिवसांत परतवाडाभर झालं. पोटची पोर बुडवणारी बाई आमच्या पोरी विहिरीत उतरवते! पुढच्या रविवारी विहिरीवर एकही मुलगी नव्हती. आया मात्र आल्या होत्या, झुंडीनं. सर्वांत पुढे वैशालीची आई. वैशाली ही सर्वांत धीट पोरगी, माझ्याच वर्गातली.

"खरं हाय का?" तिनं विचारलं.

"खरं हाय."

"मंग तुह्या हातात आमच्या पोरी कशा द्याच्या वं? सांग तूच!"

मला वाटलं आता ही रडेल, हात जोडेल, आपली कहाणी सांगेल. मी स्वतः तिची बाजू घेऊन बोलायला पुढे झाले, तर तिनं मला हातानं मागे सारलं.

"नोका देऊ," ती म्हणाली. "मी बी देली नसती. तुमी सोता शिका. मंग तुमच्या पोरी तुमी शिकवा. माह्या हाताची गरजच नाही. मी काठावर बसते, पान्याले हात लावत नाही."

वैशालीची आई तावातावानं म्हणाली, "या वयात मी इहिरीत उतरू?" आणि खुर्चीवर पाठ करून बसलेले रशीदभाई तिकडूनच ओरडले, "उतरो, उतरो! मी नाही पाहत!"

कोण आधी हसलं कोणास ठाऊक. त्या उन्हाळ्यात परतवाड्याच्या त्या विहिरीत चाळिशीच्या, पंचेचाळिशीच्या बाया काष्टा घालून उतरल्या. बेबीनंदा शब्दाला जागली. काठावर बसून ओरडायची, पाण्याला बोट लावत नव्हती. शेवटी वैशालीच्या आईनंच तिचा हात धरून तिला आत ओढलं. क्षमा केली असं कोणी म्हटलं नाही आणि हिनंही मागितली नाही.

ही गोष्ट अमरावतीला एका संस्थेच्या बाईंच्या कानावर गेली. तुरुंगातून सुटलेल्या महिलांसाठी त्या तळमळीनं काम करायच्या. त्यांनी सत्कार ठेवला. मी बेबीनंदासोबत गेले. सभागृह भरलेलं होतं. बाईंनी प्रास्ताविकात सांगितलं की बेबीनंदाताई या परिस्थितीच्या बळी आहेत, व्यवस्थेच्या बळी आहेत. पुन्हा पुन्हा बळी. लोक डोळे पुसत होते. बेबीनंदा शेंदरी साडीत, शाल आणि श्रीफळ मांडीवर घेऊन बसली होती. माईक तिच्यापुढे आला तेव्हा ती उभी राहिली.

"ताई चांगलं बोलल्या. माह्यावर त्याइची माया हाय. पन मले बळी नोका म्हनू. मी आपल्या पायानं चालत गेल्ती. पोरगी माह्या कडेवर होती. तिले कोनी इचारलं नाही, येतं का म्हनून. थे बळी होती. मलेच बळी म्हनसान, तं तिले काय म्हनसान?"

ती पुढे एवढंच म्हणाली, "बायाले पोवाले शिकवा. मदत कराची असन तं डबे अन् दोर द्या." आणि बसली. परतीच्या गाडीत तिनं शाल माझ्या आईसाठी ठेवली, नारळ फोडून शेजारच्या प्रवाशांना वाटला आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली.

वैशालीचं लग्न तिवशाकडे झालं. दीड-दोन वर्षांनी एका दुपारी ती आमच्या मागच्या दारात उभी दिसली. पायात चप्पल नव्हती. केस वाळून चिकटलेले, अंगावर दुसऱ्या कोणाची तरी साडी. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, सरळ बेबीनंदाच्या खोलीत गेली.

"मावशी," ती म्हणाली, "निंघाली मी. इहिरीतून बी अन् घरातून बी."

बेबीनंदानं तिला काहीही विचारलं नाही. का गेलीस, कोण काय बोललं, काही नाही. पाणी तापवलं, तिचं डोकं धुतलं, भाकर वाढली. मग बाहेर येऊन आमच्या पायरीवर बसली आणि मी पहिल्यांदा तिला नळाच्या आवाजाशिवाय रडताना पाहिलं. "लागलं तिच्या दुसऱ्या मनाच्या हाताले," असं काहीतरी ती म्हणत होती. मला वाटलं, आता हिला थोडं हलकं वाटेल. मी तसं म्हटलंही. तिनं मान हलवली. "हे वाचली म्हनून थे वाचत नाही, मॅडम. हे वेगळी, थे वेगळी."

अर्चना आली ती त्याच वर्षी, थंडीच्या दिवसांत. लग्न झालेली, पाचवा महिना. नवऱ्याला न सांगता आली होती. आईचा पत्ता तिला कुठून मिळाला, ते तिनं सांगितलं नाही. बेबीनंदा बागेत होती, म्हणून मीच तिला तिथे घेऊन गेले. विहिरीच्या काठाशी मायलेकी समोरासमोर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी. बेबीनंदाचे हात संत्र्याच्या पाटीत होते ते तिथेच राहिले. मी निघू लागले तर अर्चनानं मला थांबवलं. तिला कोणीतरी तिसरं माणूस हवं होतं.

"मले एकच गोष्ट इचाराची हाय," ती म्हणाली. "थ्या दिवशी मी घरी असती तं?"

बेबीनंदानं पाटी खाली ठेवली. मी मनातल्या मनात तिला विनवत होते. एक शब्द खोटा बोल, बेबीताई. एवढी पोर आशेनं आली आहे. तिच्या पोटात मूल आहे.

"तुले बी नेलं असतं," बेबीनंदा म्हणाली.

अर्चनानं मान हलवली, जशी आपण दुकानात भाव ऐकून हलवतो तशी. मग ती पायरीवर बसली. बेबीनंदा तिच्याजवळ गेली नाही, दूरही गेली नाही. संध्याकाळपर्यंत दोघी तिथे होत्या. काही बोलल्या की नाही, मला माहीत नाही. मी घरी परतले होते. मुक्काम अर्चनानं माझ्या आईजवळ केला, स्वतःच्या आईच्या खोलीत केला नाही.

दुसऱ्या सकाळी मला पेपर तपासायला अकोल्याला जायचंच होतं, म्हणून अर्चना माझ्यासोबत निघाली. त्या सकाळी मी बेबीनंदाला शेवटचं पाहिलं. महिनाभरात माझी बदली अमरावतीला झाली, आई माझ्यासोबत आली, आणि पुढच्या पावसाळ्यात बेबीनंदा काविळीनं गेल्याचं रशीदभाईंनी फोनवर सांगितलं. वैशाली शेवटपर्यंत जवळ होती. अर्चनाला कळवलं होतं. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्या सकाळी स्टँडवर थंडी होती. अर्चना खिडकीशी बसली, समोर बघत. बेबीनंदा खाली उभी होती, राणी रंगाच्या साडीत, हात खिडकीखालच्या पत्र्यावर ठेवून. मुलीच्या हातापर्यंत तो सहज पोचला असता. तिनं पोचवला नाही. पुन्हा कधी येशील, असंही तिनं विचारलं नाही. मलाच म्हणाली, "मॅडम, अंजनगावले गाडी थांबते. तिले खाली उतरू द्या जरा. या दिवसात पाय सुजतात." गाडी हलली. पत्रा तिच्या हाताखालून सरकत गेला, आणि हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मी मागे वळून पाहिलं, तेव्हा ती चष्मा नीट करत बागेच्या रस्त्याला लागली होती. रविवार होता. विहिरीवर बाया येणार होत्या.

अंजनगावला मी अर्चनाला खाली उतरवलं. चहा घेतला नाही तिनं. गाडीला टेकून उभी होती.

"मी घरून ठरवून आल्ती," ती म्हणाली. "का ती नाहीच म्हनन. तुले कशी नेली असती मी, असं म्हनन. मंग मी तिले तोंडावर खोटारडी म्हनाची अन् मोकळी व्हाची. कायमची." तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहरा आईचाच होता. "आता काय करू, मॅडम?"

कंडक्टर हाका मारत होता. तिनं माझा हात धरला आणि आम्ही गाडीत चढलो.